मामांचं विमान विजेवर

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, निवृत्तीनंतर एक लढाऊ विमान बांधलं. त्याला खेळणं म्हणवत नाही, कारण पंख जोडले की ते आमच्या पडवीत आडवं मावायचं नाही आणि उचलायला दोन माणसं लागायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाची ती प्रतिकृती. वरून हिरवे-तपकिरी पट्टे, पोटाला आभाळी रंग, काचेच्या आत वीतभर उंचीचा लाकडी वैमानिक. मामा ते हातातल्या रेडिओ सेटवरून उडवायचे. नाकात पेट्रोलचं इंजिन होतं, मोपेडला असतं तेवढं. पंखा हातानं फिरवला की ते आधी खोकायचं, मग धूर सोडायचं आणि मग असं घुमायला लागायचं की शेजारच्या सुपारीच्या बागेतली माणसं काम टाकून वर बघत राहायची.

आता त्या विमानात इंजिन नाही. मोटर आहे, बॅटऱ्या आहेत. हे मी करून घेतलं. त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललेलं नाही. मामा तर नाहीच.

गणेशगुडीहून जोयड्याकडं जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं घर. घराला लागून दोन खोल्या काढून आम्ही होमस्टे चालवतो. नवरा जीप चालवतो. पाहुण्यांना राफ्टिंगला सोडतो, कुळगीकडं, अणशीकडं जंगलात फिरवून आणतो. घर, स्वयंपाक, बुकिंगचे फोन माझ्याकडं. मामा नोकरीत असताना नदीवरच्या एका वीजघरात टर्बाइनवर होते. नुसत्या घरघरीवरून मशीनला कुठं दुखतंय ते सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. कानावर घालायला मिळालेलं झाकण ते मानेवर सरकवून ठेवायचे. ते घातलं तर मशीन काय म्हणतंय ते कळत नाही, असं स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगायचे.

सासूबाई गेल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं. फोन वाजला तर ते उठत नसत. टीव्ही मोठा लावत. काही विचारलं की हसून ‘व्हय व्हय’ म्हणत. मला वाटायचं, माणूस एकटा पडला की असं होतं. मागच्या पडवीत त्यांचं विमान आणि ते, असा त्यांचा दिवस जायचा. आठवड्यातून दोनेकदा नवऱ्याला हाताशी घेऊन ते विमान जीपमध्ये घालायचे आणि गावच्या गायरानात उडवायला न्यायचे. गुरं चरत असतील तर उडवायचं नाही, जंगलावर न्यायचं नाही, धरणाच्या बाजूला तोंडच करायचं नाही, हे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते आणि गावातही सांगून ठेवले होते.

वारा पडलेला असतो म्हणून विमान सकाळी उडायचं. आणि आमच्याकडं येणारे पाहुणेही सकाळच्याच ओढीनं येतात. धनेश, शेकरू, रानातली शांतता. पुण्याहून एक वयस्कर जोडपं आलं होतं. कॅमेरा होता, पक्ष्यांचे आवाज भरून घ्यायचं यंत्रही होतं. निघताना बाईंनी माझा हात हातात घेऊन जेवणाचं कौतुक केलं, खोलीचं केलं, आणि मग संकोचून म्हणाल्या की फक्त सकाळी ते गवत कापायचं मशीन तेवढं थांबवता आलं तर बघा. मी ‘बघते’ म्हटलं. ते गवत कापायचं मशीन नाही, माझ्या सासऱ्यांचं विमान आहे, हे मी सांगितलं नाही. का कोण जाणे, मला त्याची लाज वाटली.

पाहुण्यांचं निमित्त झालं, पण खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते. पेट्रोलचा वास पडवीतून स्वयंपाकघरात यायचा. मामांच्या सदऱ्यांचे तेलाचे डाग जात नव्हते. विमान गायरानात उडायचं तरी आवाज माझ्या चुलीपर्यंत पोचायचा. लग्नाआधी मी खानापुरात एका रिपेरीच्या दुकानात काम करत होते. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा; मिक्सर, टीव्ही, पुढं मोबाइल, सगळं हाताखालून गेलेलं. मोठी पेट्रोलवरची विमानं लोक विजेवर कशी करतात त्याचे व्हिडिओ मी फोनवर बघायला लागले आणि माझ्या डोक्यात ते बसलं.

एका संध्याकाळी चहा घेऊन मी मामांसमोर बसले आणि सगळं समजावून सांगितलं. मोटर किती ताकदीची लागेल, बॅटऱ्या किती, वजन कसं पडेल. हातानं पंखा फिरवायला नको, बोटांना धोका कमी, वास नाही, आवाज नाही. मी बोलत होते तोवर ते एकटक माझ्या तोंडाकडं बघत होते. किती लक्ष देऊन ऐकतायत, असं मला वाटलं.

“सगळा जन्म विजेत गेला गं,” ते हसत म्हणाले. “म्हातारपणी जरा पेट्रोल जाळू म्हटलो होतो.”

मग म्हणाले, “तू करणार असशील तर करूया की.”

पावसाळ्यात आमच्याकडं पाहुणे जवळजवळ नसतात. राफ्टिंग बंद, रस्ते चिखलाचे. त्या दिवसांत आम्ही काम काढलं. दुपारची भांडी झाली की मी पडवीत जायचे. मामांनी आधीच टेबलावर जुनं कांबळं अंथरून त्यावर विमान ठेवलेलं असायचं. पहिल्यांदा इंजिन उतरवलं. त्याच्यामागं पेट्रोलची टाकी, नळ्या, ठिणगीची पेटी, सायलेन्सर. नाकातली जाड प्लायची भिंत तेलानं काळी पडली होती. ती मामांनी थिनरनं पुसून पुसून पांढरी केली.

मोटर आली ती इंजिनाच्या निम्म्या लांबीची होती. ती तशीच बसवली असती तर पंखा नाकाच्या आत शिरला असता. मग प्लायच्या भिंतीवर अॅल्युमिनियमचे चार खांब उभे करून मोटर पुढं आणली. ते खांब मामांनी स्वतः कानशीनं घासून सारख्या उंचीचे केले. तारा, जोडण्या, मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारी पेटी, हे माझं काम. जाड तारांचं सोल्डरिंग मी बऱ्याच वर्षांनी करत होते. पहिली जोडणी ओबडधोबड झाली. मामांनी ती भिंगातून बघितली, काही न बोलता माझ्यापुढं परत ठेवली, आणि मी ती हसत पुन्हा केली.

वजनाच्या तोलानं आम्हाला सगळ्यांत जास्त दमवलं. जड इंजिन गेल्यानं नाक हलकं झालं होतं, म्हणजे बॅटऱ्या शक्य तितक्या पुढं जायला हव्या होत्या. दोघांनी दोन्ही पंखांखाली बोटं धरून विमान उचलायचं आणि ते शेपटीकडं झुकतं की नाकाकडं ते बघायचं. बॅटऱ्या बोटभर पुढं, पुन्हा उचल. कधी मी आधी सोडायचे, कधी ते. विमान कलंडलं की ते मला ‘हं’ करून दटावायचे. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी मामांबरोबर इतका वेळ कधी बसले नव्हते. ते बोलत थोडं, पण तोंडावर उजेड असायचा. जेवताना मुलासमोर माझं कौतुक करायचे. मलाही बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं.

बॅटऱ्या आत घालायला वरून दार लागणार होतं. नाकाचा वरचा भाग मामांनी पूर्वी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून, घासून इतका गुळगुळीत केला होता की सांधा कुठं दिसायचा नाही. तिथं कापायचं होतं. मी पेन्सिलीनं चौकोन आखून दिला. करवतीचं पातं टेकवून ते थांबले. हात फिरवला त्या जागेवरून. मला वाटलं माप तपासतायत. ‘बरोबर आहे मामा,’ म्हणून मी हातानं खूण केली आणि त्यांनी कापलं.

मोटर पहिल्यांदा चालवली ती पंखा न लावताच. मी सेटवरची काडी हळूहळू पुढं सरकवली. बारीक, उंच सूर निघाला, एकसारखा. मी आनंदानं विचारलं, “कसं वाटतंय, मामा?” त्यांनी वाकून दोन बोटं मोटरच्या खांबावर टेकवली, क्षणभर तशीच ठेवली आणि म्हणाले, “फिरालंय.”

मी दुकानात काम केलेली बाई. बिघाड शोधायचा तर आधी काय नीट चालत नाही ते बघायचं, हे मला शिकवलेलं होतं. माझ्या समोर सगळं मांडलेलं होतं आणि मी मोटरकडं बघत होते.

पाऊस सरल्यावर गायरान सुकलं. पहिल्यांदा उडवायला आम्ही तिघंच गेलो. विमान गवतावरून धावलं आणि धुराशिवाय, घुमण्याशिवाय वर गेलं. मला ते फार देखणं वाटलं. मामांनी मोठमोठ्या चार-पाच फेऱ्या घेतल्या, नेहमीच्या गिरक्या घेतल्या नाहीत आणि लवकरच उतरवलं. मी विचारलं, तर विमान हाताला हलकं लागतंय म्हणाले. सवय नाही म्हणून, असं मी मनाशी धरलं. पेट्रोलवर ते बराच वेळ उडायचं. बॅटरीवर थोडीच मिनिटं मिळणार होती. म्हणून रेडिओ सेटवर मी वेळ लावून ठेवली होती. बॅटरी संपत आली की सेट टीं टीं करणार, मग उतरवायचं. हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं. ते ‘व्हय’ म्हणाले होते.

नंतर मी जे केलं ते मला सगळ्यांत जास्त लागतं. आवाज नसल्यानं विमान आता पाहुण्यांना आवडायला लागलं. एकानं बघितलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. मी सकाळच्या चहाबरोबर गायरानात जायचं असा बेतच बसवून टाकला. पाहुणे आले की मामांना सांगायचे, उद्या उडवूया. ते नाही म्हणायचे नाहीत. आधी ते मनात येईल तेव्हा उडवायचे, आता मी सांगेन तेव्हा.

थंडी ओसरायच्या दिवसांत हुबळीकडचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी सगळे गायरानात. मी चहाचा थर्मास घेऊन मामांपासून दहाएक पावलांवर उभी. विमान छान चाललं होतं. थोड्या वेळानं सेट टीं टीं करायला लागला. मला स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं, आता उतरवतील. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एकानं विचारलं की फोटोसाठी एकदा जवळून जाईल का. मी मामांच्या डोळ्यांसमोर येऊन हातानं गोल खूण केली, अजून एक फेरी. त्यांनी मान हलवली. सेट अजून वाजतच होता. त्यांना अंदाज असेल, असंच मी धरून चालले.

विमान पलीकडच्या बांबूच्या बेटाकडं वळत असताना मोटर थांबली. तो बारीक सूर तुटला ते मला कळलं. पाहुण्यांनाही कळलं असावं, कारण सगळे गप्प झाले. मामांना तेवढं कळलं नाही. बांबूवरून काढायला त्यांनी विमानाचं नाक वर केलं, ताकद आहे असं समजून. मी ओरडले, “मामा, मोटर बंद हाय, नाक खाली घ्या.” त्यांनी वळूनही बघितलं नाही. विमान क्षणभर हवेत थबकल्यासारखं झालं, एका पंखावर कललं आणि बांबूत गेलं. कडाकड मोडल्याचा आवाज आला. मामा अंगठ्यानं काडी पुढं रेटत उभे होते, अजून ते वर येईल अशा आशेनं.

मी त्यांच्याजवळ जाऊन दंडाला धरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात, पाहुण्यांना कळू नये असं विचारलं, “बंद कवा पडलं गं?”

सेट त्यांच्या हातात टीं टीं करत होता, आमच्या दोघांच्या मधे.

पुढचं सगळं धावपळीचं. बॅटरीला मार बसला की ती पेट घेऊ शकते आणि खाली वाळलेला पाला. नवऱ्यानं आणि मी काठीनं बॅटऱ्या ओढून उघड्यावर आणल्या, त्यांच्यावर माती टाकली आणि निवेपर्यंत थांबलो. आग लागली नाही. एक पंख मुळातून मोडला होता, नाक चेपलं होतं. मामा मोडलेले तुकडे एकेक करून धोतराच्या सोग्यात गोळा करत होते. पाहुण्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं. मामा त्यांना हसून म्हणाले, हे असं व्हायचंच. पाहुणे नेमकं काय म्हणाले ते मामांना कळलं होतं की नाही, याची मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, मामांना ऐकू येत नाही. तो खाली बघत म्हणाला, “थोडं कमी येतंय ते म्हाईत होतं मला. मला वाटलं, तुला ठाऊक असंल. तू दिवसभर घरात असतीस.”

त्यानं दोष दिला नव्हता. पण मी दिवसभर घरात असते हे खरंच होतं. माझ्यासमोर बसून तो माणूस पावसाळाभर माझ्या ओठांकडं बघत होता.

बेळगावला कानाच्या डॉक्टरकडं जायला मामा तयार नव्हते. शेवटी मी सांगितलं की मलाही बेळगावात काम आहे, सोबत चला, मग आले. तिथं काचेची खिडकी असलेल्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं, कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर तपासणी करणारी मुलगी आणि तिच्या शेजारी मी; आत बटण दाबलं की आमच्यासमोर दिवा लागायचा. सुरुवातीला तिनं मोठे, घुमणारे आवाज दिले. मामांनी लगेच दाबलं. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माझ्याकडं बघून हसले, वर्गात उत्तर आलेल्या मुलासारखे. मग तिनं सूर चढवत नेला. दिवा लागेना. तिनं आवाज वाढवला, तरी लागेना. मामा बटणावर अंगठा ठेवून ताठ बसले होते आणि काचेतून माझ्या तोंडाकडं बघत होते, मी काही खूण करते का ते. घरात ते असेच बघायचे. मी मान वळवून भिंतीकडं बघत राहिले.

नंतर त्या मुलीनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं सरळ चालत आलेली आणि मधेच घाट उतरल्यासारखी खाली गेलेली. वय आणि आवाजातलं काम, दोन्ही मिळून असं होतं, ती म्हणाली. जाड आवाज त्यांना अजून बरे येतात. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत. बायकांचं बोलणं त्यांना अवघड जात असणार, अंदाजानं भागवत असतील. मी तिला विचारलं, पेट्रोलच्या इंजिनाची घुमघुम त्यांना ऐकू येईल का? येईल की, ती म्हणाली. आणि विजेच्या मोटरचा सूर? ती जरा विचारात पडली. माझा प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. तो नाही येणार, ती म्हणाली.

मला उत्तर माहीत होतं. तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. मामांचं जे थोडं शिल्लक होतं त्यातलंच मी काढून घेतलं होतं, आणि त्यांच्याच हातानं कापून घेतलं होतं.

परत येताना नवऱ्यानं रामनगरला जीप थांबवली. तो टायरात हवा भरायला गेला. हॉटेलात मी आणि मामा समोरासमोर बसलो, त्यांच्या कानामागं ऐकायचं नवीन यंत्र. भजी आली. मी त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश म्हणाले, “मामा, इंजिन परत बसवूया. मी बसवतो.” आमच्या बोलीत बायकाही ‘बसवतो’च म्हणतात.

“नको,” ते म्हणाले. “पाव्हणे येत्यात. पोट हाय ते.”

“मग त्या वक्ताला का सांगितलासा न्हाई? आवाज ऐकून उडवत होतासा, तेवढं तरी सांगायचं.”

त्यांनी एक भजं मोडलं. मग म्हणाले, “तुझी सासू गेल्यावर माझ्यासमोर बसून कोण बोललं न्हवतं. तू रोज येऊन बसायला लागलीस. ऐकू येत न्हाई म्हटलो असतो तर उठून गेली असतीस.”

मी म्हटलं, गेले नसते. ते म्हणाले, व्हय, आता कळतंय. आणि त्यांनी भज्यांची बशी माझ्याकडं सरकवली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही विमान दुरुस्त केलं. मी रोज समोर बसले, पण आधीसारखं नव्हतं. मीच मुद्दाम ठासून, तोंड मोठं उघडून बोलायचे आणि ते चटकन मान हलवायचे. माझा अपराध हलका व्हावा म्हणून ते जास्त आनंदी असल्याचं दाखवतायत असं मला वाटायचं. तसं नसेलही. मी चोरून इंजिनाची धूळ पुसून, तेल घालून ठेवलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. कापलेलं दार, बदललेली भिंत, हलवलेला तोल, सगळं पुन्हा फिरवायचं तर नाकच नवं बांधावं लागलं असतं. माझी तयारी होती. त्यांची नव्हती.

रेडिओ सेटचे पर्याय चाळताना मला एक सोय सापडली. वेळ झाली की टीं टीं करण्याऐवजी सेट हातात थरथरतो. ती पहिल्यापासून होती. मी उघडून बघितली असती तर क्षणाचं काम होतं. ती आता लावली आहे. शिवाय मी त्यांच्या मागं उभी राहते, पाठीवर तळवा ठेवून. मोटर चालू असेपर्यंत हात ठेवायचा, सूर बदलला की दाबायचं, थांबला की काढायचा. असं आम्ही ठरवलं आहे. कानातलं यंत्र ते गायरानात काढून ठेवतात, वारा फार वाजतो म्हणून. पाहुण्यांना मी आता गायरानात नेत नाही. कुणी विचारलंच तर मामा स्वतः सांगतात, आमच्या सुनेनं विजेवर केलंय, एकदम शांत, रानाला त्रास न्हाई. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघतात. त्या वेळी मी कपबशा उचलायला लागते.

मागच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो होतो. दोन फेऱ्या झाल्या. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, खालून आभाळी पोट दिसलं. मामा वर बघतच म्हणाले, “तेचा आवाज कसा येतोय गं?”

इतक्या दिवसांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. मी हात पाठीवरच ठेवून बाजूनं पुढं झुकले, त्यांना दिसेल असं तोंड करून सांगितलं, “काय खास न्हाई, मामा. मच्छर गुणगुणल्यासारखा.”

ते मोकळेपणी हसले. “मग मी काय चुकवलो न्हाई म्हण की.”

मी पुन्हा मागं झाले, हात त्यांच्या पाठीवर तसाच. विमान वळण घेऊन येत होतं. मोटरचा सूर लांबून जवळ येताना चढत गेला, वरून गेला आणि सुपारीच्या बागेवर हळूहळू विरला. तो सूर खरं तर फार गोड आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.